जास्त पाणी देणारे मडके: कंबोडियातील सच्छिद्र गाळणीचे प्रकरण

कंबोडियाच्या ग्रामीण भागात २००० नंतरच्या दशकात पिण्याचे पाणी गाळण्यासाठी भाजक्या मातीची मडकी मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. आकार कुंडीसारखा, काठ रुंद आणि आत साधारण १० लिटर पाणी मावेल एवढी जागा. हे मडके झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बादलीत काठावर टांगायचे, त्यात तळ्याचे, नदीचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी ओतायचे आणि भिंतीतून व तळातून झिरपून बादलीत साठलेले पाणी तोटीने काढून घ्यायचे, अशी त्याची रचना आहे. कारखान्यात प्रत्येक मडके काठोकाठ भरून पहिल्या तासात त्यातून किती पाणी येते हे मोजतात. बहुतेक कारखान्यांत ही मर्यादा १ ते ३ लिटरच्या दरम्यान असते; त्याहून जास्त पाणी देणारे मडके फोडून टाकतात.

पाच-सहा माणसांच्या घराला ताशी दोन लिटर पाणी अपुरे पडते, विशेषतः उन्हाळ्यात. शिवाय पातळी उतरत गेली की वेगही उतरतो, आणि तो सरळ प्रमाणात उतरत नाही. मडके अर्धे रिकामे झाले की तळावरचा पाण्याचा दाब निम्मा होतो. भिंतीचा मात्र ओला भागही निम्मा आणि त्यावरचा सरासरी दाबही निम्मा झाल्याने भिंतीतून येणारे पाणी एक चतुर्थांशावर येते. ज्या घरात मडके पुन्हा पुन्हा भरायला कोणाला सवड नाही, तिथे कागदावरचा वेग आणि हंड्यातले पाणी यांत मोठी तफावत पडते. म्हणून प्रश्न असा उभा राहिला की मडक्याचा वेग कितीतरी पटींनी वाढवता येईल का, आणि वाढवला तर जीवाणू अडवण्याची त्याची क्षमता टिकेल का. हे तपासण्यासाठी कंबोडियातच अशी मडकी घडवणारा एक प्रायोगिक घटक उभारला गेला आणि तिथले निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. सच्छिद्र सिरॅमिक पदार्थात घडवण्याची प्रत्येक पायरी अंतिम गुणधर्मावर कशी उमटते, हे समजून घेण्यासाठी याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

या गाळणीचा उगम कंबोडियातला नाही. १९८१ साली ग्वाटेमालातील एका मध्य अमेरिकी औद्योगिक संशोधन संस्थेत फर्नांडो माझारिएगोस यांनी ती विकसित केली. स्थानिक कुंभाराला स्थानिक मातीतून करता यावी, अशी गाळणी हवी होती. १९९८ च्या ‘मिच’ चक्रीवादळानंतर निकाराग्वात तिची मोठी निकड भासली, आणि ‘पॉटर्स फॉर पीस’ या संघटनेचे रॉन रिव्हेरा यांनी हाताने चाकावर घडवण्याऐवजी साच्यात दाबून एकसारखी मडकी करण्याची पद्धत देशोदेशी नेली. २००८ साली त्यांचे निधन झाले. कारखान्यांची आराखडे, मिश्रणे व चाचण्या कोणत्याही हक्काविना खुल्या ठेवण्याची जी प्रथा त्यांनी पाळली, तिच्यामुळेच कंबोडियातील प्रयोगाची आकडेमोड आज कोणालाही समजून घेता येते.

माती, तूस आणि जांभा

कंबोडियातील मिश्रणात तीन घन पदार्थ असतात: वाळवून दळलेली माती, दळून चाळलेले भाताचे तूस आणि थोडी जांभ्याची पूड. ठोकळ प्रमाण ३० किलो मातीला १० किलोच्या आसपास तूस आणि १ ते २ किलो जांभा असे आहे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना जांभ्याची ओळख करून द्यायला नको. घराच्या भिंतीत जो दगड दिसतो तोच इथे पूड होऊन पडतो. तो घालण्यामागे विचार असा होता की जांभ्यातील लोहाच्या ऑक्साइडच्या पृष्ठभागावर धन भार असतो, बहुतेक विषाणूंवर ऋण भार असतो, तेव्हा विषाणू त्याला चिकटतील. विचार तर्कशुद्ध आहे. मात्र कंबोडियातल्या क्षेत्रीय अभ्यासात लोहयुक्त आणि साधी मडकी यांच्यात म्हणावा असा फरक दिसला नाही.

खरी कामगिरी तुसाची. मातीच्या पिंडात तुसाचा प्रत्येक कण आपली जागा अडवून बसतो आणि भट्टीत जळून गेला की त्याच आकाराची पोकळी मागे राहते. आपल्याकडचे कुंभार माठाच्या मातीत राख किंवा लीद मिसळतात, तेव्हा थोड्याफार फरकाने हेच घडवत असतात. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाऱ्याने उडते आणि आतले पाणी गार होते. माठाला बाहेरून नुसती ओल सुटली की पुरे. गाळणीला ताशी काही लिटर पाणी वाहून न्यावे लागते, आणि त्यासाठी पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असाव्या लागतात.

तूस आणि लाकडाचा भुसा या दोहोंतला एक फरक इथे नोंदवला पाहिजे, कारण भुशावर चालणाऱ्या कारखान्याचे प्रमाण तुसासाठी जसेच्या तसे उचलले की मडके बिघडते. भुसा जळून जवळजवळ नाहीसा होतो. तुसाच्या वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा मात्र राख म्हणून उरतो आणि त्या राखेत नव्वद टक्क्यांहून जास्त सिलिका असते. म्हणजे १० किलो तूस जाळल्यावर जवळपास २ किलो सिलिका त्या पोकळ्यांमध्येच राहते. तुसाने केलेली पोकळी पूर्ण रिकामी नसते. तिच्यात एक नाजूक पांढरा सांगाडा उभा असतो.

चाळणीचे महत्त्वही इथेच आहे. दळलेले तूस ३० नंबरच्या चाळणीतून, म्हणजे साधारण ०.६ मिलिमीटरच्या छिद्रातून, गाळले तर सर्वात मोठ्या पोकळीची मर्यादा ठरते. चाळणीची जाळी एका ठिकाणी फाटली आणि ते लक्षात आले नाही, तर त्या दिवसाच्या सगळ्या मडक्यांत मोठ्या पोकळ्या शिरतात. बाहेरून ती मडकी इतरांसारखीच दिसतात.

मिसळताना माती व तूस आधी कोरडेच एकजीव करतात आणि पाणी नंतर घालतात, कारण ओल्या मातीत तुसाचे पुंजके सुटत नाहीत आणि प्रत्येक पुंजका म्हणजे आयती मोठी पोकळी. मग मळलेला गोळा दोन भागांच्या साच्यात हायड्रॉलिक जॅकने दाबतात. या दाबाने भिंतीची जाडी एकसारखी होते, आणि मातीच्या चपट्या कणांसह तुसाचे लांबट तुकडेही भिंतीच्या पातळीला समांतर आडवे होऊ पाहतात. पाणी वाहते ते भिंतीला लंब दिशेने, त्यामुळे त्याला सरळ वाट मिळत नाही. वळसे घेत जावे लागते. दाब कमी पडला तर हे आडवे होणे अपुरे राहते आणि थरांमध्ये हवा अडकते. वाळवणे सावलीत आणि सावकाश करावे लागते. काठ आधी वाळून आकसला आणि तळ ओलाच राहिला तर केसासारखी तडा जाते. अशी एक तडा हजारो बारीक छिद्रांपेक्षा जास्त पाणी सोडते.

भट्टीत काय घडते

पहिले काही तास भट्टी १०० अंशांच्या आसपास राखून उरलेले पाणी घालवतात. त्यानंतर साधारण २०० ते ५०० अंशांच्या पट्ट्यात तूस पेटते. इथे मडक्याच्या भिंतीतच इंधन भरलेले असते, त्यामुळे भट्टीचे तापमान आपण वाढवत नसतानाही भिंतीचे तापमान चढते. हवा पुरेशी नसेल किंवा तापमान घाईने वाढवले, तर भिंतीच्या गाभ्यात कोळसा जळायचा राहून जातो आणि मडके फोडल्यावर मध्यभागी काळा पट्टा दिसतो. काळा पट्टा म्हणजे तिथल्या पोकळ्या अजून पूर्ण उघडल्या नाहीत, असे सरळ वाचावे. ४५० ते ६०० अंशांमध्ये मातीच्या खनिजातले रासायनिक बांधलेले पाणी निघून जाते आणि ५७३ अंशांना मातीतली वाळू, म्हणजे क्वॉर्ट्झ, एकाएकी आकारमान बदलते; थंड होताना तोच बदल उलट्या दिशेने घडतो. म्हणून भट्टी लवकर उघडण्याचा मोह टाळावा लागतो.

अंतिम तापमान बहुतेक ठिकाणी ८०० ते ९०० अंशांच्या दरम्यान असते. त्याखाली माती पुरेशी जुळत नाही आणि मडके पाण्यात मऊ पडू लागते. हजार अंशांच्या पुढे काचेसारखा द्रव तयार होऊन बारीक छिद्रे मिटू लागतात, मडके आकसते, बळकट होते आणि झिरपणे थांबते. मधल्या पट्ट्यात एक कमी लक्षात येणारा बदल चालू असतो: अतिशय बारीक छिद्रे आधी मिटतात आणि त्यांच्या जागेचा काही वाटा मोठ्या छिद्रांकडे जातो, त्यामुळे एकूण सच्छिद्रता, म्हणजे भिंतीतल्या पोकळ जागेचा वाटा, थोडी घटत असतानाच छिद्रांचा सरासरी आकार वाढू शकतो. फक्त सच्छिद्रतेची टक्केवारी मोजणाऱ्याला हा बदल कळत नाही.

मातीत चुनखडीचे खडे असतील तर आणखी एक अडचण येते. ७०० ते ८५० अंशांत त्यांचा चुना होतो, भट्टीबाहेर आल्यावर तो हवेतली ओल ओढून फुगतो आणि मडक्याच्या अंगावर पोपडे उडतात. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी सर्वत्र आढळते, तेव्हा महाराष्ट्रात असा कारखाना काढू पाहणाऱ्याने माती निवडतानाच हे पाहावे.

वेग वाढवण्याचे दोन मार्ग

कंबोडियातील प्रायोगिक घटकाचे वैशिष्ट्य असे की त्यात लाकडाच्या मोठ्या भट्टीऐवजी तापमान नियंत्रित करता येणारी लहान गॅसभट्टी वापरली. एरवी एकाच भट्टीतली पुढची आणि मागची मडकी वेगळ्या तापमानाला भाजली जातात आणि कोणता फरक मिश्रणाचा, कोणता भट्टीचा, हे सांगता येत नाही. भट्टी स्थिर ठेवून मिश्रणातली एकेक गोष्ट बदलली, आणि प्रत्येक मडक्याचा झिरपण्याचा वेग, जीवाणू अडवण्याची क्षमता व बळकटी मोजली.

वेग वाढवण्यासाठी दोन गोष्टी करता येतात. तुसाचे कण मोठे घेतले तर छिद्रे मोठी होतात. कण तेच ठेवून तुसाचे प्रमाण वाढवले तर छिद्रांची संख्या, म्हणजे सच्छिद्रता, वाढते. दोन्ही मार्गांनी पाणी जास्त येते. पण निष्कर्ष वेगवेगळे निघाले: छिद्रे मोठी केली की जीवाणू अडवण्याची क्षमता घटते, सच्छिद्रता वाढवली तर ती क्षमता घटत नाही, मात्र मडक्याची बळकटी बदलते. योग्य मार्गाने गेल्यास वेग ताशी १० ते २० लिटरपर्यंत नेता येतो आणि जीवाणू अडवण्यात लक्षणीय घट होत नाही, असे तिथे आढळले.

असे का व्हावे, हे नीट उलगडण्याजोगे आहे. या मडक्यांची बरीच छिद्रे जीवाणूपेक्षा मोठी असतात. आतड्यातला ई. कोलाय जीवाणू १ ते २ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, आणि तुसाने केलेल्या पोकळ्या दहांच्या पटीत मोजाव्या इतक्या मायक्रॉनच्या. एखाद्या जुन्या वाड्यासारखी ही रचना समजावी: दालने ऐसपैस, पण एका दालनातून दुसऱ्यात जाण्याचे दार अरुंद. वेग आणि अडवणूक या दोन्ही गोष्टी दारांवर ठरतात, आणि दारेसुद्धा सगळीच जीवाणूहून अरुंद नसतात. चाळणीसारखी अडवणूक हा कामाचा एक भाग झाला; बाकीचे काम जीवाणू वळणावळणाच्या वाटेवर कुठेतरी भिंतीला टेकून चिकटण्याने होते. तेव्हा विचारायला हवे ते हे, की पाणी बाहेर पडण्याआधी जीवाणूला भिंत गाठायला किती वेळ मिळतो.

समजा, छिद्राचा व्यास दुप्पट केला. ठरावीक दाबाखाली छिद्रातल्या पाण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे चौपट होतो, आणि पाणी भिंतीत चौथा हिस्सा वेळच थांबते. दुसरीकडे, मध्यातून भिंतीपर्यंतचे अंतर दुप्पट झाल्याने सूक्ष्म कणाला इकडेतिकडे भरकटत तिथे पोचायला चौपट वेळ लागतो. मिळणारा वेळ एक चतुर्थांश आणि लागणारा वेळ चौपट. दोहोंचे गुणोत्तर सोळा पटींनी बिघडले. आता छिद्रांचा व्यास तोच ठेवून त्यांची संख्या दुप्पट केली, तर एकूण पाणी दुप्पट येते, पण एकेका छिद्रातला वेग पूर्वीइतकाच राहतो आणि भिंतीचे अंतरही तेवढेच. त्यातून जाणाऱ्या जीवाणूच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. प्रत्यक्षातली छिद्रे अशा सरळ नळ्या नसतात, हे खरे. तरी प्रयोगाचा कौल या हिशेबाशी जुळतो.

यातून कारखान्याच्या नेहमीच्या चाचणीबद्दल एक गंभीर गोष्ट निघते. तासाला पाच लिटर देणारे मडके समोर आले, तर ते तूस जास्त पडल्याने वेगवान आहे, तूस जाडे आल्याने आहे की कुठे बारीक तडा असल्याने आहे, हे वेगाच्या आकड्यावरून कळत नाही. पहिले मडके पिण्यासाठी चालेल, उरलेली दोन चालणार नाहीत. तडा शोधायला मडके उपडे करून पाण्यात दाबतात आणि बुडबुड्यांची सलग रांग कुठून येते ते पाहतात. पण जाडे तूस बुडबुड्यांतही स्पष्ट उठून दिसत नाही. ते चाळणीपाशीच अडवावे लागते.

बळकटीची किंमत

सच्छिद्रता वाढवण्याचा मार्ग सुरक्षित ठरला तरी फुकट नाही. सच्छिद्र सिरॅमिकची बळकटी सच्छिद्रतेबरोबर घातांकी नियमाने घटते, म्हणजे सच्छिद्रतेच्या प्रत्येक समान वाढीला ती ठरावीक गुणोत्तराने कमी होते. रिशकेविच आणि डकवर्थ यांनी १९५३ साली मांडलेला हा संबंध आजही वापरात आहे. त्यातला स्थिरांक साधारण ४ ते ७ असतो; मी ५ धरून आकडेमोड केली. या मडक्यांची सच्छिद्रता ४० टक्क्यांच्या आसपास असते. ती ५० टक्के केली तर छिद्रांचा आकार तोच धरून पार्यता, म्हणजे पाणी झिरपू देण्याची क्षमता, कोझेनी-कारमन या सच्छिद्रतेवरून पार्यता काढण्याच्या सूत्रानुसार सुमारे २.८ पट होते आणि बळकटी ६० टक्क्यांवर येते. पुढे आणखी तूस घातले तर पोकळ्या थेट एकमेकींना भिडू लागतात, मधल्या मातीच्या पातळ भिंती उरत नाहीत, आणि मग हे सूत्रही लागू राहत नाही: तूस भरून छिद्रांची संख्या वाढवताना आपण नकळत दारेच रुंद करून बसतो. प्रमाण वाढवण्याची मर्यादा इथे आहे असे मला वाटते, आणि ती प्रत्येक मातीसाठी वेगळी निघेल.

बळकटीचा मुद्दा गौण मानता येत नाही, कारण गावातल्या घरात मडके बाद होते ते बहुधा फुटून. कंबोडियात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या क्षेत्रीय अभ्यासात वापरात असलेल्या मडक्यांची संख्या महिन्याला सुमारे २ टक्क्यांनी घटत असल्याचे दिसले, आणि त्यामागचे मुख्य कारण मोडतोड हेच होते. हा वेग चालू राहिला तर ३५ महिन्यांत निम्मी मडकी निघून जातात. त्याच अभ्यासात मडके वापरणाऱ्या घरांत जुलाबांचे प्रमाण जवळपास निम्म्याने कमी आढळले होते. म्हणजे जे मडके फुटते, त्याच्याबरोबर त्या घराचा हा लाभही जातो. काठ जाड करणे, धुताना मडके उचलण्याऐवजी जागेवरच ब्रशने घासणे, पोचवताना पेंढ्यात बांधणे, अशा उपायांनी थोडी भर पडते. पण बळकटी निम्म्यावर आणून वेग पाचपट केलेले मडके दोन वर्षे टिकेल का, हे घरात ठेवूनच पाहावे लागेल. प्रयोगशाळेतल्या दाबाच्या चाचणीत मुलाच्या हातून निसटणारे झाकण नसते.

मडक्याला लावल्या जाणाऱ्या चांदीबद्दल थोडक्यात. निकाराग्वातील पद्धतीत ३.२ टक्के कलिल चांदीचे (द्रवात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या रूपातील चांदीचे) २ मिलिलिटर द्रावण पाण्यात मिसळून ब्रशने आतून-बाहेरून लावतात, म्हणजे एका मडक्याला सुमारे ६४ मिलिग्रॅम चांदी. ती जीवाणू मारते आणि छिद्रांत शेवाळासारखा थर जमू देत नाही. ताशी १५ लिटरच्या मडक्यात चांदीला पाण्याशी संपर्काचा वेळ कमी मिळेल, म्हणून अडवणुकीतली उणीव चांदीने भरून काढण्याचा विचार मी करणार नाही. आणि विरघळलेले पदार्थ, जसे चंद्रपूर-यवतमाळकडच्या विहिरींतले फ्लोराइड, या मडक्याने निघत नाहीत, चांदीनेही नाही.

विषाणूंची बाब यापेक्षा नाजूक आहे. ते जीवाणूपेक्षा कित्येक पटींनी लहान असतात आणि साध्या मडक्यातूनही ते जीवाणूंइतके अडत नाहीत. कंबोडियातील २०१५ च्या निष्कर्षाचा आधार जीवाणू आहेत. ज्या वस्तीत कावीळ किंवा अन्य विषाणूजन्य आजारांची साथ असेल, तिथे १५ लिटरचे मडके देण्याआधी विषाणूंसाठी स्वतंत्र चाचणी मी आवश्यक मानतो.

एखादा कारखाना ही वेगवान मडकी करायचे ठरवत असेल, तर क्रम असा असावा असे मला वाटते. आधी भट्टीत पुढे, मध्ये आणि मागे तापमान मोजून तिन्ही जागांतला फरक कमी करावा. तुसाच्या प्रत्येक गोणीतून मूठभर नमुना घेऊन तो दोन चाळण्यांतून गाळावा आणि वर उरलेल्याचे वजन लिहून ठेवावे. मग तुसाचे प्रमाण एका वेळी अर्धा-एक किलोने वाढवावे, दर वेळी त्याच पिंडाच्या काही पट्ट्या मडक्यांबरोबर भाजून मोडून पाहाव्यात आणि किमान दहा मडक्यांची जीवाणू चाचणी करावी. विक्रीसाठीची वेगमर्यादा सैल करणे हे काम सर्वांत शेवटचे. चाळणी आणि भट्टी हातात येण्याआधी ती मर्यादा सैल केली, तर तडा गेलेली आणि जाड्या तुसाची मडकीही त्याच दारातून बाहेर पडतील, आणि तोवर तीन लिटरपुढची मडकी फोडत राहणेच योग्य.